उजव्या पेटीतली पिशवी

"बस, अजून जोरात बस!" डेक्स ओरडला.

"बसलेच आहे की! आता काय उड्या मारू?" ग्रेटा आजोबांच्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाशेजारच्या, सामानाच्या उजव्या पेटीवरून म्हणाली. तरी झाकण बोटभर वर ते वरच!

उद्या सहलीला निघायचं होतं, म्हणून पेट्यांच्या आत ठेवायला कर्टमामाने नव्या कोऱ्या पिशव्या आणल्या होत्या. काळ्याभोर, चेनवाल्या, पावसात न भिजणाऱ्या! पण त्या चौकोनी होत्या आणि पेटीत एका कोपऱ्यात स्प्रिंगचा फुगवटा होता. मामाने माप घेतलंच नव्हतं.

"आजीच्या पिशव्या कुठायत?" धाकट्या जूनीने विचारलं.

आजीने त्या जुन्या तंबूच्या कापडातून शिवल्या होत्या, आतून गोधडीचं अस्तर लावून, कोपरा तिरका कापून. दर ऑगस्टला आजी-आजोबा मोटरसायकलवर आणि मुलं मागून पिकअपमध्ये, असे सगळे ब्लॅक हिल्सच्या डोंगरांकडे निघत. उजव्या पेटीखाली सायलेन्सर तापायचा, म्हणून आजी सँडविच हटकून उजवीकडे ठेवायची. दुपारपर्यंत ती गरमागरम! त्या घासाच्या आठवणीने मुलांच्या तोंडाला पाणी सुटे. गेल्या हिवाळ्यात आजी गेली होती.

व्हर्लिन आजोबांनी त्या पिशव्यांच्या रिकाम्या खुंटीकडे पाहिलं. "त्या पिशव्या नसतील तर मी येत नाही," म्हणाले आणि घरात निघून गेले.

"यंदा नाही गेले तर कधीच जाणार नाहीत," ग्रेटा हळूच म्हणाली.

डेक्सने गॅरेजभर नजर फिरवली. "इथे झाडलंय कुणी? मामा, तू?"

"का? मी झाडू शकत नाही?"

"स्वतःची ताटली उचलत नाहीस तू! खरं सांग!"

मामा कान खाजवू लागला. "थोड्या चिंध्या होत्या रे… चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत दिल्या."

"चिंध्या!" तिघं एकदम किंचाळली आणि सायकली काढून सुटली.

चर्चमध्ये विक्री केव्हाच संपली होती. एक काका टेबलं घडी करून ठेवत होते, बस्स. मुलं तोंडं पाडून परत फिरली. गल्लीत जूनीने करकचून ब्रेक दाबला. "ते बघा! चिमट्यांच्या पिशवीला कधी तिरका कोपरा असतो का?"

शेजारच्या बर्गडॉल आजींच्या कपड्यांच्या दोरीवर चिमटे भरलेल्या दोन पिशव्या डुलत होत्या, एकीचा कोपरा डावीकडून कापलेला, दुसरीचा उजवीकडून!

"मुळीच देणार नाही!" मुलांनी पिशव्या मागताच बर्गडॉल आजी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "किती दणकट शिवल्यात! हल्ली असं काही मिळतं का?"

डेक्सने ग्रेटाला डोळा मारला आणि धूम ठोकली. परत आला तो मामाच्या काळ्या पिशव्या घेऊन. "आजी, ह्यांना चेन आहे. पाऊस आला तरी चिमटे कोरडे!"

आजींनी चेन ओढून पाहिली. दोनदा. "नक्की भिजत नाहीत?" सौदा पटला! मग ग्रेटाने त्यांना पिशव्या आपल्या आजीने शिवल्याचं सांगितलं. "मार्लिसच्या हातच्या? आधी नाही का सांगायचं, गाढवांनो!" म्हणत त्यांनी वर रुबार्बच्या आंबट देठांचा केकही दिला.

आजोबांनी पिशवी पेटीत ठेवली. टक्! झाकण बसलं. त्यांनी ते पुन्हा उघडलं आणि अस्तरावर हात फिरवत राहिले. "कर्ट, तुझी आई गाडीशेजारी गुडघे टेकून माप घ्यायची. तुझ्यापेक्षा ही पोरं शहाणी निघाली! यांच्यामुळे मी निघतोय."

सकाळी त्यांनी स्वतः सँडविच बांधली आणि ग्रेटापुढे हेल्मेट धरलं. "चल. मागची सीट रिकामी नेऊन काय करू?" डेक्स आणि जूनी मामाच्या पिकअपमध्ये चढली.

दुपारी मिझुरी नदीच्या काठावर उजवी पेटी उघडली. आतून वाफाळता वास आला, अगदी तोच! मामा आपला गार बर्गर हातात धरून बघतच राहिला.

आजोबांनी एक घास खाल्ला. बराच वेळ चावला.

"मोहरीचा सॉस कमी पडला," ते डोळे पुसत म्हणाले. "मार्लिस रागावली असती. ये रे कर्ट, तुलाही देतो अर्धं."