अडकलेली पुली

लोखंडाचं कडं तापवलं, तर त्याचं भोक मोठं होतं की लहान?

मी पटकन म्हणाले, "लहान." तापल्यावर लोखंड फुगतं, म्हणजे भोकाकडेही फुगणारच. प्रश्न विचारणाऱ्या आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, नुसतं "हं" केलं. एरवी त्यांनी माझी चांगली फिरकी घेतली असती, पण त्या दिवशी त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं.

२०६४ साल होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला आमचा कारखाना रिकामा करायचा होता. जुनी यंत्रं वितळवायला नेणारी गाडी पाचला येणार होती. चालू यंत्र ठेवता येत होतं, पण आमचं एकही चालू नव्हतं. मला फक्त बाबांचा लेथ (लोखंड फिरवून कातणारं यंत्र) हवा होता. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती.

लेथचं बेअरिंग बदलायला आधी शाफ्टवरची (फिरणाऱ्या दांड्यावरची) पुली, म्हणजे पट्ट्याचं बिडाचं (ओतीव लोखंडाचं) चाक, काढायला हवं होतं. चार दिवस तेल सोडूनही ते हलेना.

"मी ओढू? दोन टन जोर आहे," आमचा यंत्रमानव खंडू म्हणाला.

"नको रं बाबा! बीड ठिसूळ असतंय. तडकलं तर अशी पुली आता कोण ओतत नाही." माझे आबा धातूंचे शास्त्रज्ञ. भिंगातून बघत त्यांनी विचारलं, "तनुजा, गंज वरच्याच अंगाला कसा गं?"

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. बाबांमागे दरवर्षी मीच त्या पुलीवर नारळ फोडत होते.

"बाबाही तिथंच फोडायचे ना, आबा?"

"फोडायचा. आणि मागनं तेलाचा बोळा फिरवायचा. नारळाचं पाणी आत गेलंय. लोखंड गंजलं की जास्त जागा खातं, म्हणून गच्च बसलीया."

बोळ्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. बाबांचं यंत्र मीच बिघडवलं होतं. मला रडू आवरेना.

"रड, पण ऐक. धा पोरी हात धरून गोल उभ्या हायत. लोखंडाचे कण तसेच. तापले की जास्त हलतात, शेजारणीला लांब ढकलतात. मग गोल?"

"मोठा होतो... म्हणजे भोकही मोठं!"

"ह्यालाच औष्णिक प्रसरण (उष्णतेनं आकार वाढणं) म्हणायचं. पण शाफ्टही तापला तर?"

"तोही फुगेल. त्याला गार ठेवायचं!"

पेटू नये म्हणून आम्ही बाहेरचं तेल पुसलं. शाफ्टच्या टोकाला शुष्क बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) बांधला. आबांनी पुलीभोवती ज्योत फिरवली.

"पुली दीडशे अंश, शाफ्ट दहा," खंडू म्हणाला.

"ओढ. सावकाश."

कट्ट! मी डोळे मिटले. उघडले तेव्हा अख्खी पुली खंडूच्या हातात होती. तुटला होता तो गंज.

बेअरिंग बदलून आम्ही पुली परत बसवली. गाडी आली तेव्हा लेथ फिरत होता. ड्रिल आणि शेपर ही बाकीची बंद यंत्रं मात्र गाडीत चढली. आबा तिकडे पाठ करून उभे होते.

लेथ थांबवून मी पुलीवर तेलाचा बोळा फिरवला. "खंडू, लिहून ठेव. नारळ फोडला की लगेच बोळा."

"कुणासाठी लिहू?"

"माझ्यामागे जो नारळ फोडेल, त्याच्यासाठी."