बिनसीटची गाडी

मापाची टेप हातात धरून ती त्या गाडीभोवती पुन्हा एकदा फिरली, तेव्हा खालून आवाज आला.

"काय शोधताय?"

ती दचकली. तलावाकाठच्या त्या शेडमध्ये आपल्याशिवाय कोणी असेल असं तिला वाटलंच नव्हतं. गाडीच्या खालून आधी एक पान्हा बाहेर आला, मग हात, आणि मग एका भुवईला ग्रीस लागलेला चेहरा.

"सीट," ती म्हणाली. "काकांनी सगळ्या जेट स्कींच्या सीटची मापं घ्यायला सांगितलंय. या गाडीची सापडत नाहीये."

"हिला सीट नसते."

"मग बसायचं कुठे?"

"बसायचंच नाही. उभं राहायचं."

"किती वेळ?"

"पडेपर्यंत," तो म्हणाला आणि हसला. हसताना ग्रीसवाली भुवई तेवढी वर गेली.

तिचं आणि तिच्या बाबांचं गावात कुशनचं दुकान होतं. सोफे, थिएटरातल्या खुर्च्या, दातांच्या डॉक्टरांची ती भीतीदायक आरामखुर्ची... माणूस ज्याच्यावर म्हणून बसतो ते सगळं त्यांच्याकडे शिवायला यायचं. आणि ही गाडी पाहा. अरुंद अंग, पुढे एक लांब दांडा, दांड्याच्या टोकाला हँडल. बस्स.

"म्हणजे आमच्या पोटावर पाय देणारी गाडी आहे ही."

"पाय द्यायची जागाच फाटलीय तिची. तिथलं मॅट द्याल शिवून?"

तिने वाकून माप घेतलं. टेपचं दुसरं टोक त्याने धरलं होतं. खरं तर धरायची काही गरज नव्हती.

मॅट घेऊन ती पुढच्या रविवारी गेली ती द्यायला म्हणून, आणि संध्याकाळी परतली ती केसांतून पाणी गाळत. झालं असं, की काकांनी, म्हणजे त्या गाड्यांच्या मालकांनी, तिला लाइफ जॅकेट घालून सरळ पाण्यात उतरवलं. "स्वतः शिवलंयस, पाय ठेवून तर बघ."

ती पोटावर पालथी पडली, हँडल धरलं, खटका दाबला. गाडीने तिला ओढत नेलं. कसेबसे गुडघे टेकले. एक पाऊल ठेवलं... आणि आभाळ पालथं झालं. नाकातोंडात पाणी. वर येऊन तिने डोळे पुसले. आता गाडी गेली तलावाच्या पलीकडे, असं तिला वाटलं. पण नाही. गाडी मंद गुरगुरत, डावीकडे गोल वळसा घेत, तिच्याच दिशेने येत होती. तिने हात लांब केला आणि ती हाताला लागली.

पुन्हा चढली. पुन्हा पडली. गाडी पुन्हा आली.

तेव्हापासून तिचा प्रत्येक रविवार त्या पाण्यात जाऊ लागला. दुकानात शिवताना तिचे गुडघे आपोआप वाकायचे. बाबा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "उभी राहून मशीन चालवायला लागलीस की सांग हो, खुर्ची विकून टाकतो."

धक्क्यावर एक जुना रिवाज होता. जो पहिल्यांदा उभा राहून परत येईल, त्याने सगळ्यांबरोबर चहा घेत सांगायचं, आपल्याला हा नाद लागला तो नेमका कुठल्या क्षणी. खोटं चालायचं नाही. काका जुनं इंजिन विकायला आले होते, सहज एकदा चढले, आणि मेहुणीच्या लग्नाला ओल्या कपड्यांनी पोचले. "दारू परवडली," ते म्हणायचे. "ती माणसाला उभं राहू देत नाही. ही उभं राहिल्याशिवाय सोडत नाही." दुसऱ्या होत्या बाई, निवृत्त मुख्याध्यापिका. "जन्मभर पोरांना 'नीट उभे राहा' म्हणून दटावलं. इथे पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा कळलं, किती अवघड असतं ते. त्या क्षणी लागला."

गाडीखालच्या त्या मेकॅनिकने मात्र कधी सांगितलं नव्हतं. तो दुसरीकडून शिकून आला होता, म्हणून त्याला सूट होती. तसाही तो बोलण्यात कंजूसच. काय बोलायचं ते पान्ह्याने. तिच्या तळहाताला फोड आला, की पुढच्या रविवारी हँडलवर मऊ रबर. दांडा जड म्हणाली, की स्प्रिंग बदललेली. त्यांच्यातलं अहो-जाहो कधीच पाण्यात बुडालं होतं, पण त्यापुढे गाडी जात नव्हती. तो नुसता बघायचा. आणि ती त्याने बघावं म्हणून उगाच तक्रारी करायची.

"ही सारखी डावीकडेच कलते. हट्टी कुठली."

"बघतो," तो म्हणायचा. बस्स, एवढंच.

हंगाम संपत आला तेव्हा बाई बोलून गेल्या, "हा जातोय म्हणे बंदरावर. जहाजांच्या वर्कशॉपमध्ये बोलावलंय त्याला." तिच्या हातातला चहा तसाच निवला. तो सांगेल म्हणून तिने वाट पाहिली. त्याने सांगितलं ते एवढंच, की गाडीत प्लग नवा टाकलाय.

आणि शेवटचा रविवार उजाडला. तलावावर बारीक भुरभुर होती, पलीकडचा काठ धुक्यात विरघळलेला. ती तलावाच्या मध्यावर गेली. दोन्ही पाय टेकले, कंबर सरळ होऊ लागली... आणि तोल गेला.

वर येऊन तिने सवयीने डावीकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.

गाडी सरळ चालली होती. शांतपणे, तिच्याकडे पाठ करून, लांब, आणखी लांब... पलीकडच्या लव्हाळ्यांत तिचं नाक शिरलं आणि आवाज बंद झाला. लाइफ जॅकेट होतं, बुडायची भीती नव्हती. जाणारं असंच जातं तर, तिला वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. तलावाचं नव्हे, तिचं स्वतःचं.

धक्क्यावरून धप्पकन आवाज झाला. कोणीतरी कपड्यांसकट उडी मारली होती. तो आला तो धापा टाकत, एका पायात बूट, एक पाय अनवाणी.

"लागलं का?"

"काय केलंस तू तिला?"

"सरळ केली. तूच म्हणालीस ना, डावीकडे..."

"मी हजार गोष्टी म्हणते. अरे, ती वळून येते म्हणून तर मी पडायला घाबरत नव्हते."

त्याचा चेहरा पडला. पाऊस दोघांच्या मधल्या पाण्यावर हलकेच टिपके देत होता.

"आणि पोहत कशाला आलास?" ती जरा मऊ झाली. "धक्क्याला होडी बांधलेली होती ना?"

त्याने वळून पाहिलं. "...होती."

"मग?"

"दिसली नाही."

"एवढी मोठी होडी?"

"तू दिसत होतीस," तो म्हणाला.

काका होडी घेऊन येईपर्यंत दोघं तसेच तरंगत राहिले, एकमेकांकडे न बघता.

त्याने ओल्या कपड्यांतच गाडी पुन्हा पहिल्यासारखी केली. डावीकडे वळणारी. संध्याकाळी भुरभुर थांबली, पाणी फिकट सोनेरी झालं, आणि ती पुन्हा निघाली. पालथी, मग गुडघे, मग एक पाय, दुसरा पाय... आणि ती उभी होती. पायाखाली तिनेच शिवलेलं मॅट थरथरत होतं, ओला वारा गालांना लागत होता, आणि सगळा तलाव तिच्याकडे चालत येत होता. ती मोठा वळसा घालून, उभ्यानेच, धक्क्याशी परत आली.

चहा आला. ती बाकाच्या टोकाला बसली. काका म्हणाले, "बोला. खोटं चालत नाही."

"पहिल्यांदा पडले तेव्हा लागला," ती कपाकडे बघत म्हणाली. "मला वाटलं, गेली गाडी. मान वर काढते तर ती वळून माझ्याकडे येत होती. तिथेच लागला." मग हळूच, "आता वळून येणाऱ्याचीच सवय झालीय. ज्यांना बंदरावर जायचंय त्यांनी सुखाने जावं. पण येणार की नाही, ते सांगून जावं."

मेकॅनिकने कप खाली ठेवला.

"माझं सांगायचं राहिलंय."

"तुला सूट आहे," काका म्हणाले.

"नकोय सूट." तो खाली बघत पुटपुटला. "उभं राहायला तर मी केव्हाच शिकलो होतो. पण नाद असा..."

"नीट उभा राहून बोल," बाई म्हणाल्या.

तो खरंच उभा राहिला. एका पायात बूट, शर्टातून पाणी ठिबकतंय.

"मी खाली पडून काम करत होतो. वर एक मुलगी टेप घेऊन सीट शोधत होती. नसलेली सीट. एकदा फिरली, दोनदा फिरली... मी मुद्दाम गप्प राहिलो, अजून एकदा फिरावी म्हणून." त्याने शर्टाचं ओलं टोक पिळलं. "बंदरावर नाही म्हणून कळवलंय. मागच्याच आठवड्यात. तुला सांगायचं होतं, पण जमेना... म्हणून गाडी सरळ करत बसलो."

काका खो-खो हसले. बाईंनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. तो मात्र उभाच होता, शिक्षा झालेल्या मुलासारखा, आणि तिच्याकडे बघत होता.

तिने बाकावर सरकून शेजारी जागा केली. ओल्या हाताने ती पुसली.

"बस," ती म्हणाली.