आइस्क्रीमच्या डब्याखालचे आजोबा

रानातला पक्षी माणसाळतो तो केवळ निर्मळ प्रेमामुळे, असं डग आजोबांचं ठाम मत होतं. त्या प्रेमासोबत रोज सकाळी चमचाभर खिमा असायचा, हे ते सहसा सांगत नसत.

खिमा खाणारा होता एक मॅगपाय. कावळ्याएवढा, काळा-पांढरा, नाव मेजर. आजी गेल्यापासून सकाळी आजोबांना सोबत असायची ती त्याचीच. निलगिरीच्या झाडावर तो गायला लागला, की कुणीतरी पाण्याखाली बासरी वाजवतंय असं त्यांच्या नातीला, मेरिनला, अर्धवट झोपेत वाटायचं.

या वसंताच्या सुट्टीत मात्र मेजर आजोबांवरच झेपावू लागला. कानाला ओरखडा आला. उद्या नगरपालिकेचा माणूस पिंजरा घेऊन येणार होता. फोन आजोबांनीच केला होता, आणि तेव्हापासून त्यांना जेवण जात नव्हतं.

मेरिन आणि तिचा भाऊ फिन लिंबाच्या झाडाखाली उताणे पडून पाळत ठेवत होते. पापण्यांवर कवडसे हलत होते, मधमाश्या गुणगुणत होत्या. शेजारच्या बेव्ह काकू बोडक्या डोक्याने कपडे वाळत घालत होत्या आणि मेजर त्यांच्या पायांत घुटमळत होता. तेवढ्यात नवी टपालवाली आली. तिच्या डोक्यावर आइस्क्रीमचा रिकामा डबा, त्यावर मागे रंगवलेले दोन मोठे डोळे. घरट्यांच्या दिवसांत पक्ष्याने घाबरावं म्हणून गावात सगळेच असे डबे घालतात. मेजर घाबरला नाही. बाणासारखा सुटला.

मेरिन उठून बसली. "फिन, आजोबा डबा कधीपासून घालायला लागले?"

"या टपालवालीला पहिली टोच बसली तेव्हापासून."

"आणि मेजर त्यांना कधीपासून मारतोय?"

"तेव्हापासूनच." फिनही उठून बसला.

खात्री करायला हवी होती. डबा मीच का घालायचा, असं फिनने विचारलं. त्याच्या डोक्यात बरीच जागा आहे, असं मेरिनने सांगितलं. डब्यासकट तो कुंपणापर्यंतही पोचला नाही, तोच मेजर झेपावला. डबा काढून गेला, तेव्हा मेजरने फक्त मान तिरकी केली. या पोराला तो दर सुट्टीत बघत आला होता.

आजोबा ऐकेनात. बिनडब्याचं बाहेर जायला आपल्याला वेड लागलेलं नाही, म्हणाले.

"आजोबा," मेरिन हळूच म्हणाली, "त्याला तुमचा चेहराच दिसत नाहीये. तुम्ही कुठेतरी निघून गेलात असं वाटत असेल त्याला."

 आजोबांनी भुवयांपर्यंत ओढलेला डबा काढून टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाने भिजलेल्या गवतात ते डोळे मिटून उभे राहिले. पानही हलत नव्हतं. पंखांची फडफड झाली, बुटावर थोडंसं वजन आलं, आणि पाण्याखालची ती बासरी अगदी पायाशी वाजू लागली.

आजोबांनी पिंजरा रद्द केला. आपल्या घराण्यात अखेर कुणीतरी डोकं वापरलं, असं म्हणून त्यांनी दोघांची पाठ थोपटली.

मेजरने खिमा संपवला, चोच पायरीवर पुसली आणि कुंपणापलीकडे गेला. बेव्ह काकूही रोज खिमा घालतात. तिकडे त्याचं नाव केविन आहे.