रेवा इतके दिवस कुठे होती?

एप्रिलच्या भर दुपारी गांधीबागेत खरेदीला निघणारा माणूस एक तर अडलेला असतो, नाहीतर नागपूरचा नसतो. मधुवंती अडलेली होती. आईला बैठकीच्या खोलीला नवे पडदे हवे होते, आणि मौद्याच्या वीज प्रकल्पातली नोकरी तिला दुसरा मोकळा दिवस देत नव्हती. डोळे तेवढे सोडून सगळं तोंड ओढणीत गुंडाळून ती कापडाच्या दुकानात शिरली. शेजारी कुणीतरी दुकानदाराशी हुज्जत घालत होतं.

"मखमल नको भाऊ. जाडं कापड दाखवा, टेबलावर अंथरायले. वरून फासा टाकला तं आवाज नाही आला पाहिजे."

"जुगार खेळता का साहेब?"

"नाही हो. गोष्टी खेळतो."

ओढणीच्या आत मधुवंतीला हसू फुटलं. फाशासाठी कापड शोधत फिरणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच होता... ऋषी. हसू ऐकून तो वळला. क्षणभर बघतच राहिला.

"मधू?"

"तोंड झाकलं आहे माझं. वळखलं कसं गा?"

"डोळे तं उघडे आहेत ना."

तिने ते डोळे पटकन पडद्यांच्या कापडाकडे वळवले. दुकानदार मात्र धंद्याला पक्का. "ताईंना विचारा ना साहेब, पसंती त्यांचीच चालणार आहे शेवटी. लग्न कधीचं आहे?" त्यावर दोघांनीही छताच्या पंख्याकडे असं पाहिलं, जणू तोच काय ते उत्तर देईल.

त्यांच्या खेळाबद्दल इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे अडायला नको. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक सूत्रधार गोष्ट सांगतो. बाकीचे एकेक पात्र होतात आणि आपलं पात्र काय करतं, काय बोलतं ते सांगतात. जमलं की फसलं ते वीस पैलूंचा फासा ठरवतो. सूत्रधार म्हणजे ऋषी, महापालिकेच्या पाणी विभागातला इंजिनिअर, हाडाचा गोष्टीवेल्हाळ. जागा म्हणजे लकडगंजला, मैत्रीण मुग्धाच्या घरची लाकडाच्या वखारीवरची खोली. आणि मधुवंती म्हणजे रेवा, नदीवरच्या भिवा नावाड्याची लेक.

एका रविवारी ऋषीच्या गोष्टीत नदीला पूर आला, आणि लोकांना पार नेता नेता भिवा बुडाला. मधुवंतीने टेबलावर डोकं टेकून रेवाचा हंबरडा फोडला. सगळे म्हणाले, वा! त्याच आठवड्यात तिचे खरे बाबा सकाळी चहाचा कप हातात घेऊन बसले आणि उठलेच नाहीत. त्यानंतर ती वखारीच्या जिन्याकडे फिरकली नव्हती. त्याला दोन उन्हाळे झाले.

"एक फोन नाही केला तू," ती कापडाचा पोत चाचपत म्हणाली.

"तूही नाही केला."

"मी काय म्हणून करणार होती? बाप गेला अन् पोरगी खेळायची चौकशी करून राहिली, असं?"

ऋषीने हातातलं कापड खाली ठेवलं. मग हलकेच म्हणाला, "रविवारी ये ना. रेवा घाटावरच आहे. तिले कोणी हात नाही लावला."

हा त्यांच्या टेबलाचा रिवाज. कुणी परीक्षेसाठी थांबतं, कुणी बाळंतपणासाठी, तर कुणी नुसतंच कंटाळून. थांबणाऱ्याचं पात्र गोष्टीत वस्तीला ठेवायचं, त्याच्या वतीने कुणी एक शब्द बोलायचा नाही. आणि माणूस परत आला की सूत्रधाराने त्याला विचारायचं, इतके दिवस तुझं पात्र कुठे होतं? उत्तर दिल्याशिवाय फासा हातात मिळत नाही.

मधुवंतीला भीती होती ती नेमकी त्या प्रश्नाची. बाबा गेल्यावर तिने आईला सावरलं, नातेवाइकांना जेवू घातलं, पेन्शनच्या कचेरीत खेटे घातले. "पोरगी मोठी खंबीर हो," असं जो तो म्हणाला, आणि त्या शब्दाने तिचं रडणं आतल्या आत अडकून बसलं ते बसलंच. आई तिच्यासमोर रडत नव्हती, ती आईसमोर रडत नव्हती. एका घरात दोघी जणी एकमेकींना जपत मुक्या झाल्या होत्या. टेबलाशी बसले आणि बांध फुटला तर? आणि फुटलाच नाही तर?

तरीही रविवारी ती जिना चढली.

सागाच्या भुशाचा वास, कूलरमधल्या वाळ्याचा गारवा. मुग्धाने धावत येऊन मिठी मारली. हर्षित नावाचा जाडजूड दोस्त, जो गोष्टीत वैद्य असायचा, म्हणाला, "आली का वं? तू नव्हती तं ह्या ऋषीनं आम्हाले नदी ओलांडूच नाही दिली. दरवेळी पूर!"

"असते एखादी नदी तशी," ऋषी कान लाल करत पुटपुटला.

खेळ सुरू झाला. पण ऋषीने रिवाजाचा प्रश्न विचारलाच नाही. त्याने आवाज खाली आणला. "सकाळ झाली आहे. रेवा घाटावर उभी आहे. धुक्यातून एक नाव येऊन राहिली आहे... वल्ह्याचा आवाज तिच्या ओळखीचा. नाव काठाला लागते. आत भिवा आहे. जिवंत आहे. तो म्हणतो, पोरी, मी खाली दूरच्या गावाले लागलो होतो..."

हर्षितने टाळी वाजवली. मुग्धाने हसत मधुवंतीकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, त्यातली गत. बिचाऱ्या ऋषीने महिनोन्‌महिने मनात घोळवून तिच्यासाठी ही भेट रचली होती. सूत्रधाराच्या हाती दुसरं असतं तरी काय?

"नको," मधुवंती ऋषीला म्हणाली.

"काय झालं वं?"

"त्यायले परत पाठव." ती ऋषीकडेच बघत होती. "तू काहून केलं ते समजते मले. पण बाबा माझ्या स्वप्नात असेच येतात ऋषी. चपला घालून, पिशवी घेऊन, काही झालंच नाही असे. अन् सकाळी पुन्हा जातात. मी रोज... रोज पोचवते गा त्यायले. इथं पण नको. इथं तरी त्यायले गेलेले राहू दे."

ऋषीचा चेहरा पांढराफटक पडला होता. सूत्रधाराने दिलेला शब्द मागे घ्यायचा नसतो, पण त्याने घेतला.

"धुकं निवळलं," तो कसाबसा म्हणाला. "नावेत कोणी नव्हतं." मग मान वर करून त्याने विचारलं, "रेवा... इतके दिवस तू कुठे होती?"

"घाटावरच होती," मधुवंती म्हणाली. "बापाची नाव चालवून राहिली होती. लोक येत, त्यायले पार नेऊन सोडायची. सगळे म्हणायचे, भिवाची पोरगी मोठी खंबीर. रेवानं बापासाठी एक दिवस नाव बांधून ठेवली नाही. एक दिवस बसून रडली नाही ती..."

आणि ती रडली. रेवाचं म्हणून सुरू झालेलं रडणं कुठल्या क्षणी मधुवंतीचं झालं ते कुणालाच कळलं नाही. मुग्धाने तिचा हात धरून ठेवला. हर्षित खिडकीबाहेर बघत राहिला. त्या दिवशी खेळ तेवढाच झाला.

जिन्यात ऋषीने तिला गाठलं.

"मधू, मी त्या रविवारी भिवाले मारलं... अन् चार दिवसांत काका गेले. आजी म्हणायची, भरल्या घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. मले वाटलं, माझ्याच तोंडून..." त्याने बाहीने डोळे पुसले. "कोणत्या तोंडानं फोन करू तुले?"

मधुवंती वळून त्याच्याकडे पाहू लागली. म्हणजे हाही दोन वर्षं तसलंच ओझं छातीवर घेऊन फिरत होता!

"वेडा आहेस का रे तू? बाबांचं हृदय आधीपासून कमजोर होतं. तुझ्या बोलण्यानं माणसं जात असती, तं तुझे सगळे साहेब कधीचेच गेले असते."

तो रडता रडता हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "सुरुवातीले आम्ही पण खेळ बंदच केला होता. मीच पुन्हा सुरू केला. म्हटलं, टेबल मांडलेलं असलं तं तू येशील कधीतरी. मले तू पाहिजे होती, मधू. खेळात नाही... तशी पण."

वखारीत कुठेतरी करवत चालू झाली. मधुवंतीने ती थांबेपर्यंत वाट पाहिली.

"मले आता घरी जायचं आहे," ती म्हणाली. "आईजवळ बसून रडायचं आहे. एकटीनं जमणार नाही. येतो का?"

"मी? सूत्रधार म्हणून?"

"नाही. माझा म्हणून."

घराचं दार तिच्या आईने, वंदनाताईंनी उघडलं. लेकीचे सुजलेले डोळे पाहून ती घाबरली. "काय झालं वं?"

"आई... बाबांची आठवण येऊन राहिली."

दोन वर्षांत त्या घरात हे वाक्य कुणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. वंदनाताईंचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला. मग त्यांनी लेकीला छातीशी ओढलं आणि दोघी उंबरठ्यातच हमसून हमसून रडल्या. ऋषी पायरीवर अवघडून उभा होता. जावं की थांबावं, त्याला कळेना. बऱ्याच वेळाने पदराने डोळे पुसत वंदनाताईंनी त्याच्याकडे पाहिलं. हा कोण, कुठला, काही विचारलं नाही.

"बाहेर काहून उभा राहिला गा? उन्हाचं," त्या म्हणाल्या. "ये ना आत."