शनिवारचे तेल

मुंजाजी दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या कपाळावरचे रक्त ओघळून भुवईत साकळले होते. डावा डोळा मिटलेला होता. हातात मुलीच्या कपड्यांची पिशवी होती आणि तिच्यावरही तांबडे शिंतोडे उडाले होते.

मैत्रेयी पाथरीकर यांनी काही न विचारता पाण्याचे भांडे पुढे केले. वैदिकांच्या घराण्यात जन्मलेल्या या विदुषीने गुन्हेशोधनाचा व्यवसाय पत्करला, याचे परभणीकरांना आता नवल उरले नव्हते. त्यांचे सहकारी सूर्यभान कदम हे निवृत्त जमादार. त्यांनी जखमेवर हळद दाबली.

"कुनी हानलं, पाव्हणं?"

"पिंगळीच्या केंद्रावरच्या पहारेकऱ्यांनी. पोरीचे कपडे आनायला गेलतो. खुनी पोरीचा बाप आला म्हनले, अन् घातली काठी." मुंजाजीने पिशवी खाली ठेवली. "ताई, मी वालूरचा. शिवकन्या माझी पोरगी. कुस्ती खेळती. केंद्रावरच्याच हरिओम पैलवानाचा खून तिनंच केला म्हनून काल धरून नेलं. उद्या कोर्टात उभी करायलेत. त्याच्या आधी एका कागदावर सही दे म्हनून मारायलेत तिला."

"कसल्या कागदावर?"

"औषधं मीच चोरून घेतली, हरिओमला कळलं, म्हनून मीच त्याला मारलं, असं. सही केली की संपली पोर."

पिंगळीजवळ शासनाच्या 'पदक-मोहिमे'चे प्रशिक्षण केंद्र होते. उत्तेजक द्रव्यांची तपासणी करणारे परदेशी पथक तेथे सोमवारी येणार, हे वृत्त सर्वांना ठाऊक होते. आज रविवार होता.

"जमादार, गाडी काढा," त्या म्हणाल्या.

*

पोलीस ठाण्याच्या कोठडीत शिवकन्या भिंतीला टेकून बसली होती. ओठ फाटला होता, तळवे सुजले होते. ती बोलू लागली आणि सूर्यभान दचकले. स्वर पुरुषाचा होता.

"दचकू नका, काका. मागल्या दिवाळीपरेंत मी भजनात गवळणी म्हनायचे. सुया सुरू झाल्या अन् आवाज गेला. पाळी बी गेली."

"सुया कोण देत असे?"

"डॉक्टर श्रीनिधी. ताकदीच्या हायत म्हनायचे. न्हाई म्हनलं की संघातून नाव कमी. समद्यांनाच देत्यात ताई, माझ्या एकटीलाच न्हाई. हरिओमला कावीळ झाली तवा त्याला कळलं. तो परदेशी लोकांपुढं समदं सांगनार व्हता."

"आणि तू त्याच्याशी भांडलीस."

तिने मान खाली घातली. "शुक्रवारी दुपारी. गळपट धरली त्याची, नखं लागली. म्हनलं, तू बोललास तर माझं पदक जाईल. येवढ्यासाठी मी बाई असनं बी घालवलं. तो नुसता रडला. माझ्या नखात त्याचं कातडं सापडलं म्हनून मी खुनी."

"त्यानंतर तो दिसला?"

"न्हाई. रागं रागं गावाला गेला आसंल, असं समदे म्हनले. शनवारी सकाळी आरती झाली. मंग मॅटवर मेहनत. वस्तादांनी ढाक डाव दाखवताना मला दोनदा उचलून टाकलं, तरी माझं ध्यान न्हवतं. दुपारी बर्फवाला आला अन् त्यानं बर्फाच्या हौदाचं झाकन उघडलं. आत हरिओम व्हता."



*

शवागारात मैत्रेयीबाईंनी हरिओमचा देह पाहिला. कवटीची उजवी बाजू आत दबली होती. कानाचा मागमूसही उरला नव्हता. दुसरा घाव जबड्यावर होता. दात घशात गेले होते. घावांची कड गोल होती. गळ्यावर नखांचे चार बारीक ओरखडे होते, इतके उथळ की त्यांनी मांजरही मेले नसते.

"गोल अन् जड वस्तू," सूर्यभान म्हणाले. "तालमीत असती तसली दगडाची गदाच, ताई. पन मेला कवा?"

"बर्फात ठेवलेल्या देहावरून ते सांगता येत नाही, असे येथील डॉक्टर म्हणतात. फौजदार म्हणतात, शनिवारी पहाटे."

"बर्फात ठिवायची अक्कल डॉक्टरचीच. माझा संशय पक्का झाला."

"तो पक्का होऊ देऊ नका. आधी हौद पाहू."

थकलेल्या स्नायूंना थंडावा देण्यासाठी केंद्रात बांधलेला तो हौद छातीइतका उंच होता. भोवतीच्या फरशीवर ओढल्याची खूण नव्हती. कठड्यावर रक्ताचा एकच डाग होता. कोणीतरी एका अवसानात तो पैलवानी देह उचलून आत सोडला होता.

मैत्रेयीबाईंनी सूर्यभानांकडे पाहिले. "तुम्हाला जमेल?"

"तरुनपनी बी जमलं नसतं."

*

डॉक्टर श्रीनिधी राजधानीतून आलेले. दुचाकीवरून पडल्याने त्यांचा उजवा हात गेला पंधरवडाभर गळ्यात बांधलेला होता. त्यांनी काहीच नाकारले नाही.

"मी वैद्य आहे, धोरण मी ठरवत नाही. जागतिक स्पर्धांचे यजमानपद आपल्याला हवे आहे. त्यासाठीच्या मतदानापूर्वी पदके हवीत. वरून निरोप येतो, औषधे येतात. तपासणीच्या वेळी मुलांची लघवी बदलून स्वच्छ नमुने ठेवले जातात. इतर देशांनी हेच केले, मॅडम."

"इतर देशांची मुलेही अशीच मेली का?"



केंद्रसंचालक गोविंदराव मात्र प्रसन्न होते. हृदयावर शस्त्रक्रिया झालेली, तरी वाणी सभेतल्यासारखी.

"ते श्रीनिधी थकलेत, त्यांचं मनावर घेऊ नका. त्या पोरीनं चोरून औषधं घेतली, मोहीम स्वच्छ आहे. सोमवारी पाहुण्यांना हेच सांगायचं. एका माणसाच्या पापानं देशाची अब्रू जाऊ द्यायची का?"

"शनिवारी सकाळी सगळे नेहमीप्रमाणे होते?"

"अगदी! उलट माझा मानच झाला. तालमीतल्या मारुतीला दर शनिवारी किशनराव वस्ताद स्वतः तेल घालतात, शेंदूर लावतात. तालीम उभी राहिल्यापासून दुसऱ्या कोणाला मूर्तीला हात लावू दिला नाही बघा. पण काल म्हणाले, साहेब, माझं मनगट लचकलंय, आज तेल तुम्हीच घाला. हा पाहा फोटो. छापायला पाठवला होता, पण मेला हा खून मध्ये आला."

मैत्रेयीबाईंनी भ्रमणध्वनी हाती घेतला. गोविंदराव तेल ओतत होते. मागे शिवकन्या हात जोडून उभी होती. किशनराव उंबऱ्याबाहेर, उन्हात, कोऱ्या कपाळाने उभे होते. मूर्तीच्या उजव्या अंगाला दगडी गदा ठेवायची लाकडी बैठक होती, ती रिकामी होती.

"सुंदर छायाचित्र आहे," त्या म्हणाल्या. "हे मला पाठवा."

*

किशनराव वस्ताद आपल्या खोलीबाहेर घोंगडीवर बसले होते. देह वडाच्या खोडासारखा, डोळे रडून लाल. सूर्यभान पाया पडायला वाकले तेव्हा ते मागे सरकले.

"शिवू नका, जमादार. सुतक हाय आमाला. हरिओम माझा पुतन्या. माझ्या सख्ख्या भावाचं पोर."

"आपणच त्याला घडवलंत," मैत्रेयीबाई हळुवारपणे म्हणाल्या.

"पाच वर्साचा व्हता तवा भाऊ वारला. मी लाल मातीत लोळवलं त्येला. माझ्या ताटात जेवला."

"शुक्रवारी संध्याकाळी आपण कुठे होता?"

"हितंच. पोथी वाचीत."

"त्याचा मृत्यू केव्हा कळला?"

"शनवारी दुपारी. बर्फवाला बोंबलला तवा. तवर मला वाटलं, पोरगं रुसून गावाला गेलं."

"आणि मनगट? बरे आहे आता?"

वस्तादांनी आपल्या मनगटाकडे पाहिले, जणू ते परक्याचे होते. "हाय जरा."

परतताना सूर्यभान गहिवरले होते. "देवमानूस हो, ताई. येवढ्या दुःखात बी सोवळं-सुतक सोडलं न्हाई."

"होय. त्यांनी काहीच सोडले नाही," मैत्रेयीबाई म्हणाल्या. "फौजदारांना सांगा, शिवकन्येला घेऊन तालमीत या. सर्वांना बोलवा."

*

दिवस कलण्यापूर्वी मारुतीसमोर सर्व जमले. श्रीनिधी भिंतीशी उभे. गोविंदराव खुर्चीवर. किशनराव उंबऱ्याबाहेर. शिवकन्येच्या हातात बेडी, शेजारी फौजदार, आणि दूर कोपऱ्यात कपाळाला फडके बांधलेला मुंजाजी.

मैत्रेयीबाईंनी देवाला नमस्कार केला आणि बोलायला आरंभ केला.

"हरिओमला गदेने मारले. घाव गोल आहेत आणि शनिवारच्या छायाचित्रात गदेची बैठक रिकामी आहे. म्हणजे सकाळची आरती झाली तेव्हा हरिओम मेलेला होता आणि शस्त्र नाहीसे झालेले होते. तो देह छातीभर उंच कठड्यावरून एकट्याने उचलला गेला. डॉक्टरांचा हात बांधलेला, गोविंदरावांचे हृदय चिरलेले. हे बळ येथे जमलेल्यांपैकी दोघांकडेच आहे. शिवकन्येकडे आणि वस्तादांकडे."

"पोरीची नखं!" गोविंदराव उसळले.

"नखांचे भांडण तिने स्वतः सांगितले. आता शनिवारची पूजा पाहू. वस्तादांनी आयुष्यात प्रथमच मूर्तीला हात लावला नाही. कारण दिले, मनगट लचकले. पण त्याच सकाळी, पूजेनंतर, त्यांनी शिवकन्येला ढाक लावून दोनदा उचलून टाकले. मनगट शाबूत होते. मग देवाला तेल का घातले नाही? गंध का लावले नाही? उंबऱ्याबाहेर उन्हात का उभे राहिले?"

सूर्यभानांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "वस्तादांना सुतक व्हतं, ताई. पुतन्या मेलता की."

"जमादार, सुतक केव्हा लागते?"

"मानूस मेला की."

"नाही. कळले की. परगावच्या भाऊबंदाला वार्ता पोहोचेपर्यंत तो देवपूजा करतो, त्यात दोष नाही. शास्त्र असेच सांगते आणि तुमच्या गावातही असेच पाळतात. शनिवारी सकाळी हरिओम मेल्याचे येथे कोणालाही ठाऊक नव्हते. सर्वांना वाटत होते, तो रुसून गावी गेला. मग पुतण्याचे सुतक त्या सकाळी कोण पाळू शकतो?"

मैत्रेयीबाई उंबऱ्याकडे वळल्या.

"ज्याने त्याला मरताना पाहिले तो. वस्ताद, डोके फोडलेत त्या हातांनी तुम्ही मॅटवर डाव शिकवलेत. सर्वांशी खोटे बोललात. पण विटाळलेल्या हाताने मारुतीला शिवणे तुम्हाला जमले नाही."

किशनरावांनी मूर्तीकडे पाहिले. मग ते उंबऱ्यालगत खाली बसले.

"न्हाई जमलं," ते म्हणाले. "गदा बी परत ठेवली न्हाई. हिरीत टाकली. देवाजवळ कशी ठेवू?"

शिवकन्येच्या तोंडून हुंदका फुटला.

"सांजच्याला आला माझ्याकडं. म्हनला, काका, सुया घ्यायला लावून तुमीच आमाला इष पाजलं, समद्यांपुढं सांगनार. मी एक चापट मारली. तो हसला. म्हनला, पदक तुमाला पाहिजे, मी मेलो तरी चाललं. अन् माझ्या हातात गदा कवा आली मला ठावं न्हाई. पडल्यावर बी हाक मारायलता, काका म्हनून. ती हाक बंद व्हावी म्हनून मी दुसरी घातली."

गोविंदराव खुर्चीवरून उठले. "बघा, कौटुंबिक भांडण! मोहिमेचा काही संबंध नाही. फौजदार, लिहून घ्या."

किशनराव कसे उठले ते कोणाला दिसले नाही. गोविंदरावांची मान त्यांच्या पंजात आली आणि पाय जमिनीवरून सुटले.

"संबंध न्हाई? शुक्रवारी फोन कुनी केला? पोराला गप करा, वस्ताद, देशाचं काम हाय, कसं ते तुमी बघा, असं कोन म्हनलं? मी रांगडा गडी, मला देश म्हनला की खरं वाटलं!"

गोविंदरावांचे डोळे पांढरे झाले. त्यांनी धडपडत वस्तादांचे तोंड ओरबाडले. वस्तादांनी तो हात पकडून मागे पिरगाळला. वाळल्या फांदीसारखा आवाज झाला. फौजदारांची काठी पाठीवर बसली, काही फरक पडला नाही. शेवटी सूर्यभानांनी सारे बळ एकवटून गुडघ्यामागे लाठी घातली. वस्ताद कोसळले, आणि गोविंदरावांचा विव्हळता देह लाल मातीत लोळला.

मग किशनरावांनी स्वतःच दोन्ही मनगटे पुढे केली. शिवकन्येची बेडी काढून त्यांना घालण्यात आली.

*

सोमवारी सकाळी शिवकन्या सुटली. मुंजाजीने वालूरला जाण्यासाठी रिक्षा ठरवली होती. मैत्रेयीबाई निरोप द्यायला आल्या होत्या.

"ताई, त्या पथकाला आता काय सापडंल?" शिवकन्येने विचारले.

मैत्रेयीबाईंनी लपवले नाही. "फारसे नाही. काल सायंकाळीच डॉक्टरांच्या खोलीतली शीतपेटी रिकामी करून औषधे जाळली. नोंदीतले तुमचे सर्वांचे लघवीचे नमुने स्वच्छ आहेत. डॉक्टर काल रात्रीच्या गाडीने गेले. दवाखान्यात पडलेले गोविंदराव म्हणतात, वस्तादांचे डोके फिरले होते. तुझे नाव मात्र कुस्तीच्या संघात अजून आहे."

"म्हंजी मी स्पर्धेला जाऊ शकती?"

"हो."

मुंजाजीच्या सुजलेल्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. "मंग जाय की, माय! देवानं राखलं."

शिवकन्या रिक्षात बसली. पिंगळीचा फाटा आला तेव्हा तिने चालकाला थांबायला सांगितले.

"कामून गं?" मुंजाजी घाबरला.

"बापू, औषध जाळलं त्येंनी. पन माझ्या रक्तात हाय न अजून."

"येडी झाली का? बंदी घालतील. जलमभर घेतलेली मेहनत जाईल."

"जाईल."

ती उतरून केंद्राकडे निघाली. मुंजाजी तिच्यामागून चालू लागला. प्रवेशद्वारावर कालचाच पहारेकरी होता. शिवकन्येने त्याच्याकडे नुसते पाहिले. तो बाजूला झाला.

परदेशी पथकातील बाई मेजावर नळ्या मांडून बसल्या होत्या. शेजारच्या दुभाष्याने नियम समजावले: परिणाम गंभीर असू शकतील, नकार देण्याचा अधिकार आहे. शिवकन्येने खुर्ची ओढली आणि बाही वर सारली.

बाईंनी दंडाला पट्टा आवळला. सुई हातात धरून त्या शीर चाचपडू लागल्या. येथे नाही, तेथे नाही. कातडी टोचून टोचून निबर झाली होती. त्यांनी संकोचून वर पाहिले.

शिवकन्येने स्वतःच्या बोटाने कोपराच्या आत, किंचित डावीकडे दाबले.

"हितं घाला," ती आपल्या जाड, घोगऱ्या आवाजात म्हणाली. "डॉक्टरला हितंच घावायची."