पुओलुक्का कुठून आणलात?

"कुठून आणलात हो ही फळं?"

प्रश्न तोंडातून निसटला आणि मी जीभ चावली. आमच्या कुओपिओ गावच्या बाजारात माणसाला पगार विचारावा, वजन विचारावं, पण रानातली फळं कुठे वेचली हे विचारू नये. ती जागा घरातसुद्धा सगळ्यांना सांगत नाहीत. रांगेतल्या एका आजीबाईंनी तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विकणाऱ्याच्या खिशातच हात घातला होता.

वाटाण्याएवढ्या लाल पुओलुक्कांच्या बादलीमागे उभ्या असलेल्या तरुणाचे कान फळांइतकेच लाल झाले.

"जंगलातून," तो म्हणाला.

"कुठल्या?"

"झाडं असतात ना... त्या."

मला हसू आलं. त्यालाही आलं, पण त्यानं ते घाईनं मफलरमध्ये लपवलं. भुरभुर पावसात मी पुन्हा एक पिशवी घेतली आणि उगाचच रेंगाळले.

मी विद्यापीठात दातांच्या प्रयोगशाळेत काम करते. काचेच्या बशांमध्ये दात किडवणारे जंतू वाढवायचे आणि पुओलुक्काचा आंबट अर्क टाकून ते मरतात का बघायचं. इतर ठिकाणच्या पुओलुक्कांच्या अर्कानं जंतू जरा दबायचे, एवढंच. पण आदल्या शनिवारी याच तरुणाकडून नेलेल्या फळांचा थेंब पडला, आणि त्याच्याभोवती स्वच्छ गोल उमटला. एक जंतू उरला नव्हता.

"छान," प्रयोगशाळेच्या प्रमुख राइलीबाई म्हणाल्या. "पण ही उगवली कुठे, ते लिहिल्याशिवाय शोधनिबंध कोण छापणार? आणि निबंध नाही तर इन्केरी, डिसेंबरनंतर तुझी नोकरीही नाही."

नोकरी कुठेही मिळाली असती. मला धास्ती होती ती पुन्हा एका नव्या गावाची. इथेसुद्धा शुक्रवारी संध्याकाळी मी दार लावून घेते ते सोमवारपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नाही. बसमध्ये शेजारची जागा रिकामी, जेवणाच्या टेबलावर समोरची खुर्ची रिकामी. जंतूंना 'शुभ रात्री' म्हणायची सवय लागली होती, आता बोला!

म्हणून पुढच्या शनिवारी गेले. त्याच्याही पुढच्या. त्याचं नाव ओत्सो, बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा.

"आज तरी सांग."

"आज तर मुळीच नाही. आज तू केस वेगळे बांधलेस. म्हणजे तयारीनं आलीयेस."

"वाऱ्यानं उडतात म्हणून बांधले!"

"आज वारा नाहीये," तो म्हणाला. या खेपेला माझे कान लाल झाले.

शेवटी एकदा मी सगळं खरं सांगून टाकलं... निबंध, नोकरी, डिसेंबर. त्यानं बादलीवर झाकण ठेवलं.

"घेऊन जातो," तो म्हणाला. "पण फोन बंद. आणि डोळ्यांवर हा मफलर."

"पळवून नेतोयस का मला?"

"संध्याकाळी परत आणून सोडीन. तुझे जंतू वाट बघत असतील."

मफलरला डिझेलचा आणि साबणाचा वास होता. गाडी वळली, उतरली, खडखडली, थांबली. त्यानं गाठ सोडली तेव्हा समोर पाइनची उंच झाडं होती, आणि पायाशी जमीन दिसू नये इतकी लाल फळं. आम्ही शेजारी शेजारी वाकून वेचत राहिलो. बोललो जवळजवळ नाहीच. एकटीनं गप्प बसणं आणि कुणाच्या सोबतीनं गप्प बसणं यात केवढा फरक असतो!

"आईनं दाखवली ही जागा," तो अचानक म्हणाला. "ती गेल्यावर मी एकटाच येतो. बरं वाटायचं एकटं. या वर्षी..." त्यानं एक फळ उगाच चिरडलं. "या वर्षी नाही वाटलं."

निघताना मी आपणहून मफलर डोळ्यांवर ओढला. त्यानं तो काढून घेतला.

"नको. बघ रस्ता. बघ आणि लिही."

"वेडा आहेस का? पुढच्या सप्टेंबरात अख्खं गाव बादल्या घेऊन येईल इथे!"

"येऊ दे. दुकानातून विकत आणीन मी फळं." त्यानं गाडी सुरू केली. "तुझी नोकरी राहिली म्हणजे झालं."

मी सीटवर तिरकी वळून बसले आणि त्याच्याकडे बघत राहिले. त्याचं थंडीनं लालसर झालेलं नाक, हनुवटीवरची बारीक खूण, गिअर बदलताना घट्ट मिटणारे ओठ. बाहेर कितीतरी वळणं गेली असतील.

"इन्केरी... रस्ता बघ ना."

"नाही बघत."

"मग बाईंना काय सांगशील?"

"खरं तेच. जाऊन आले, पण रस्ता पाहिला नाही."

"नोकरी जाईल."

"जाईल," मी म्हणाले, आणि तेव्हा कुठे मला भीती वाटली. डिसेंबर, खोक्यात भरलेलं सामान, अनोळखी गावातलं बंद दार... सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. तरी मी नजर हलवली नाही.

तो गाडी चालवत राहिला. गावातले दिवे दिसू लागले असावेत, कारण त्याच्या गालावर उजेड सरकत होता.

"माझ्या घरी एक खोली मोकळी आहे," शेवटी तो म्हणाला, समोर बघतच. "थंड आहे पण."

"किती थंड?"

"खूप."

"चालेल," मी म्हणाले.