यादीत नसलेलं कार्ड

सव्वाचारला दार वाजलं आणि दारात नेमका तोच उभा... गेल्या आठवड्यात कॉम्प्युटरचा पंखा घरघरतो म्हणून येऊन गेलेला. दुकानात चार मेकॅनिक असताना पुन्हा हाच यावा, याचं तिला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला. आठवडाभर ती नुसती चित्रं काढत होती; आज पाठवायला बसली, तर कॉम्प्युटरवर इंटरनेटच नाही, आणि तिचा जीव टांगणीला लागला होता.

"पाचच्या आत चित्रं गेली नाहीत, तर पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी देतील," ती म्हणाली. वर्षभर वाट पाहून मिळालेलं पहिलंच पुस्तक. फायली इतक्या जड, की तिच्या फोननेही हात टेकले होते.

त्याने केबल बदलून पाहिली. मग आतल्या भागांची यादी उघडली... इंटरनेट जोडणाऱ्या नेटवर्क कार्डाचा पत्ताच नाही. ती घड्याळाकडे बघे, त्याच्या बोटांकडे बघे, की पुन्हा येरझारा सुरू.

"अगं, एका जागी बस जरा," आत्या आतून म्हणाली. "बिघडलंय कोण, मशीन की तू?"

त्याने मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि एक बटण दाबून धरलं. सेटिंगचा निळा पडदा आला. एका ओळीवर तो थबकला. त्याचे कान लाल झाले.

"जळलं का?"

"नाही... कार्ड बंद करून ठेवलंय." जळलं म्हणाला असता, तरी तिला काय कळणार होतं? "मीच. त्या दिवशी पंख्याचा वेग बदलताना खालची ओळ बदलली गेली."

"अशी कशी बदलली गेली?"

"तुम्ही शेजारी उभ्या राहून केस बांधत होतात," तो पडद्याकडेच बघत म्हणाला. "माझं लक्ष... पंख्यावर नव्हतं."

तिला चिडायचं होतं. चिडताच येईना. छातीत नुसती धडधड — घड्याळामुळे की त्याच्यामुळे, कोण जाणे.

त्याने ती ओळ पुन्हा पहिल्यासारखी केली, आणि पाचला चार मिनिटं कमी असताना शेवटचं चित्र गेलं. दोघांनी एकदमच श्वास सोडला.

"दुकानात तक्रार करा हवं तर," तो स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकत पुटपुटला. "मालकांचा नंबर देतो."

"मालकांचा कशाला? तुमचा द्या."

त्याने वर पाहिलं. तिने नजर हटवली नाही.

"आणि पुढच्या वेळी यायला काही बिघडवून ठेवू नका," ती म्हणाली. "असेच या."

आत आत्याला खोकला आला.